धोंड्याचा जवाई

ओटी भरायचं खूळ माझंच. दुसऱ्या कोणाच्या माथी मारायची सोय नाही, म्हणून आधीच सांगून टाकते.

आमचं गाव वणीकडच्या कोळशाच्या पट्ट्यातलं. पांढरा कपडा दोरीवर घातला की वाळेस्तोवर काळपट होतो, असं. तिथं पोलीस ठाण्याच्या मागच्या अंगाला एक खोली आहे. एका संस्थेनं चालवलेलं बायकांचं समुपदेशन केंद्र. दोन टेबलं, एक कपाट, पाण्याचा माठ आणि आम्ही दोघी. माझी सहकारी माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, बौद्ध घरातली, बाप शाळामास्तर, स्वतः समाजकार्य शिकून आलेली. मी आपली बारावी पास, तोंडाची फटकळ, पण बारा वर्षं या खोलीत घासलेली. मार खाऊन आलेल्या बाईचं ऐकायचं, तिच्या नवऱ्याला पत्र धाडून बोलवायचं, दोघांना समोरासमोर बसवायचं, जमलं तर समझोता लिहून घ्यायचा, नाही जमलं तर कोर्टाचा रस्ता दाखवायचा, हे आमचं काम.

समझोता झाला की बाई नवऱ्यामागं निघायची. रिकाम्या हातानं, मान खाली घालून, जशी काही तीच गुन्हेगार. मला ते पाहवायचं नाही. एकदा मी घरून येताना पिशवीत ब्लाऊजपीस, नारळ, मूठभर गहू आणि कुंकवाची डबी घेऊन आले. समझोत्यावर सह्या झाल्यावर त्या बाईला खुर्चीवर बसवलं, कुंकू लावलं, पदरात ओटी घातली आणि तिच्या नवऱ्याकडे वळून म्हणाले, "हे पाहा जवाईबुवा, आजपासून मी इची माय अन् हे इचं माहेर. हात उचलाच्या आधी ध्यानात ठेवजा, इच्या मागं माणसं हायेत." तो माणूस चांगला धिप्पाड, पण मुकाट्यानं वाकून माझ्या पाया पडला. मी तर हरखूनच गेले. संस्थेचे साहेब आले तेव्हा त्यांनीही वाहवा केली. मग तो रिवाजच पडला. कपाटाच्या खालच्या खणात मी ब्लाऊजपिसांची चळत आणि दोन नारळ कायम ठेवायला लागले.

सहकारीला ते पटलं नव्हतं. "ताई, ओटी कायले भरता? कागदावर सही हाये न त्याची. आमच्या घरी ओट्या नाई भरत, कागद वाचतेत."

"कागदाले कोणी भेत नाई वं. बाईच्या मायले भेतेत."

"मायले भेले असते तं ह्या बाया इथं आल्या असत्या काय?"

मी तिला चहा सांगायला पाठवलं.

ही गोष्ट जिची, ती बाई केंद्रावर आली तेव्हा पंचविशीची असेल. मुकुटबनच्या बाजूच्या एका खेड्यातली. कडेवर तीन वर्षांची मुलगी. नवरा खाणीवर टिप्पर चालवायचा. गाडीवर ताडपत्री बांधायला नायलॉनचा दोर असतो, त्या दोरानं मारायचा. तिनं पाठ दाखवली, मी पाहिली आणि तिचा पदर मीच खाली ओढला.

"बापाले नाई सांगतलं काय?"

"सांगतलं न. तीनदा माहेरी गेलती. तिन्ही डाव बापानंच परत आणून सोडलं. दर खेपेले नवी साडी घेतली मले." हे सांगताना ती हसली. मला त्या बापाचा असा संताप आला की समोर असता तर त्या साड्या त्याच्याच गळ्यात बांधल्या असत्या. "बाप म्हणावं का कसाई," असं मी भर खोलीत मोठ्यानं बोलले. आज ते आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

नवऱ्याला पत्र गेलं, तो आला. मला वाटलं होतं कोणी राक्षस येईल. आला तो अंगानं किरकोळ, तोंडात साखर. "चुकलं ताई. दारू पेलो की मले समजत नाई. पोट्टीची शपथ, पुन्हा नाई होनार." सही केली, अंगठ्याची शाई पुसावी तसा मुद्दाम हात पँटला पुसला, आणि हसला. मी नेहमीसारखी ओटी भरली. त्या दिवशी जरा जास्तच तोऱ्यात, कारण दारात ठाण्याचा जमादार उभा होता. माझं ते मायचं आणि माहेरचं भाषण झालं. हा खाली वाकला, डोकं माझ्या पायावर टेकवलं आणि म्हणाला, "आता तुमीच माह्या सासूबाई. धोंड्याले बोलावसान न?"

सगळे हसले. जमादार हसला, मीही हसले. त्यानं आपला मोबाईल जमादाराच्या हातात देऊन फोटोही काढून घेतला. मी तिच्या पदरात नारळ घालते आहे, बाजूला हा हात जोडून उभा. एक माझी सहकारी हसली नाही. ती फाईलला दोरी बांधत होती.

दीड महिन्यानं ती बाई पुन्हा आली. या खेपेला मनगट मोडलेलं. दवाखान्यात प्लास्टर घालून तशीच केंद्रावर आली होती, पोरगी दुसऱ्या कडेवर. आता समझोता नको म्हणाली. आम्हीही विषय काढला नाही. कोर्टात संरक्षणाचा अर्ज लावला. महिनाभरानंतरची तारीख मिळाली. त्या तारखेला उभं राहून तिनं एवढंच सांगायचं होतं की मनगट कोणी मोडलं. तोवर तिला त्याच्या नजरेआड ठेवायचं होतं. बस्स, एवढंच माझं काम होतं. कारण तो तिला आधी भेटला की ती कोर्टात काही बोलणार नाही, हे आम्हा दोघींना पक्कं ठाऊक होतं. अशा कितीक तारखा आम्ही पाहिल्या आहेत.

त्या आठवड्यात बायकांच्या सरकारी निवाऱ्यात जागा नव्हती. नियम असा की केंद्राची बाई आपल्या नात्यागोत्यात ठेवायची नाही. मी नियम मोडला. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, ढाणकीला, माझी मोठी बहीण राहते. मेहुणे गेल्यापासून एकटी, बाजारात शिलाईचं दुकान. सहकारी दोन एसट्या बदलून त्या मायलेकींना तिथं सोडून आली. कुठं आहेत ते आम्ही दोघी आणि माझी बहीण, अशा तिघींनाच माहीत. माझ्या नवऱ्यालाही मी सांगितलं नाही. घरात केसचं बोलायचं नाही हा माझा नियम, तो मात्र बारा वर्षं पाळला होता.

आणि त्याच आठवड्यात अधिक महिना लागला. धोंड्याचा महिना. तीन वर्षांतून एकदा येतो, घरोघर लेक-जवायाला बोलावतात, पुरणाचे धोंडे, अनारसे, कपडे. मला धड ध्यानातही नव्हतं.

रविवारचे दहा वाजले असतील. दारात हा उभा. केस कापलेले, पांढरा शर्ट, हातात डझनभर केळी. दार माझ्या नवऱ्यानं उघडलं. माझा नवरा कचेरीत बाबू, साधा माणूस, कोणाशी आवाज चढवून बोलला तर त्यालाच दोन दिवस झोप येत नाही. हा वाकून पाया पडला.

"नमस्कार मामाजी. ओळखलं नाई? तुमचा जवाई. महिना लागला, म्हटलं बायको माहेरी येऊन राह्यली तं आपणही जाऊन यावं."

मी पिठाच्या हातानं बाहेर आले. तोवर तो सोफ्यावर बसलेला.

"इथं नाई ती," मी म्हणाले.

"असं कसं आई? तुमीच तं म्हणलं का हे इचं माहेर हाये. बाई माहेरी नाई जाईन तं कुठी जाईन?"

शिव्या दिल्या असत्या तर मी सव्वापट दिल्या असत्या. हात उचलला असता तर चप्पल काढली असती, त्यात मी कोणाच्या बापाला भेत नाही. पण हा हात जोडून बसलेला. आमच्याकडे जवाई दारात आला की त्याला कोरडं परत लावत नाहीत. लेक मेली तरी तिच्या नवऱ्याला ताट वाढतात, ही आमची रीतभात. माझ्या नवऱ्यानं पाणी आणून दिलं आणि मग खाली पाहत मलाच म्हणाला, "चहा ठेव थोडा." मी चहा ठेवला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हा. कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली, "काय वं बाई, जवाई आला वाटते! धोंडे नाई केले?" तिला काय माहीत. तिला तर कौतुक वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी जमादाराला गाठलं.

"धमकी देली काय त्यानं?"

"नाई."

"शिवीगाळ?"

"नाई."

"मंग काय लिहू ताई? जवाई धोंड्याच्या महिन्यात सासुरवाडीले आला, केळी घेऊन आला, लय अन्याव झाला, असं लिहू?" ठाण्यातले सगळे फिदीफिदी हसले. "पुरण घाला त्याले, अन् लावून द्या."

परत खोलीत आल्यावर सहकारी हळूच म्हणाली, "ताई, ओटी नसती भरली तं तो तुमच्या दारात उभा राह्यलेला एक आरोपी असता." ती ओरडून बोलली असती तर मीही ओरडले असते. ती हळू बोलली, त्यामुळे जास्त झोंबलं.

मग तो दर दोन-तीन दिवसांनी यायला लागला. खाणीवरची पाळी संपली की चारच्या सुमाराला, आंघोळ करून, भांग पाडून. मी केंद्रावर असले तरी आमच्या घराच्या ओट्यावर बसायचा. आल्यागेल्याला मोबाईलमधला फोटो दाखवायचा, मी नारळ घालतानाचा. "हे पाहा, सासूबाईनं सोता ओटी भरून देली, अन् आता सोताच लपवून ठेवली. मायलेकी रुसल्या माह्यावर. मी तं पाया पडाले तयार हावो." कधी डोळे पुसायचा. पोरीचा फ्रॉक सोबत आणायचा, मांडीवर ठेवायचा. शेजारीण त्याला चहा देऊ लागली. दहा वर्षं जिच्यासोबत मी वाळवणं घातली ती बाई मला म्हणाली, "ताई, लेकराच्या बापाचा तळतळाट घेऊ नका. तुमीच ओटी भरली, आता तुमीच संसार मोडता?"

जवाई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. नवांची शांत तरी करता येते.

पुढं बोलणं वाढत गेलं. पानठेल्यावर कोणी म्हणालं, ताईनं बाई परराज्यात विकली. वॉर्डाच्या व्हॉट्सअॅपवर कोणीतरी माझा तोच फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘घरं जोडणारी का मोडणारी?’ माझ्या नवऱ्याला कचेरीत विचारलं, "काय बाबू, जवाई टिप्पर चालवते म्हणे तुमचा!" त्या रात्री तो जेवला नाही. एकदा मी स्कूटर काढली तर चौकात ब्रेकच लागेना. पाय घासत कशीबशी थांबले. मेकॅनिक म्हणाला, "ताई, वायर तुटली नाई, कोणं तरी मोकळी केली." कोणी केली, याला पुरावा नाही. त्या दिवशी तो आला तेव्हा जाताना म्हणाला, "आई, गाडी हळू चालवत जा. तुमाले काई झालं तं आमचं माहेर बुडन." हे वाक्य सांगितलं तर जमादार म्हणाला असता, किती काळजी करते जवाई.

तरी मी तोंड उघडलं नाही. हे मी आज अभिमानानं लिहू शकले असते. वीस दिवस मी तोंड उघडलं नाही. बहिणीला फोनसुद्धा केंद्राच्या फोनवरून करायची. ती सांगायची, बाई प्लास्टरच्या हातानंही शर्टांची काजं करते, पोरगी आता हसते, कात्रीचा आवाज झाला तरी दचकत नाही. मी मनात तारखेचे दिवस मोजायची. पाच उरले होते.

माझी पोरगी तेव्हा बारावीला. चार ते सहा ट्यूशन. त्या दिवशी ती साडेपाचलाच घरी आली, चप्पल न काढता आत गेली आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली. मी दोनदा विचारलं. मग ती एकदम म्हणाली, "आई, ते तुझे जवाई आहेत ना, ते रोज ट्यूशनच्या बाहेर उभे राहतात."

"रोज? कधीपासून?"

"आठ-दहा दिवस झाले. मला साळीबाई म्हणतात. चॉकलेट देतात. मैत्रिणी चिडवतात, तुझे जिजाजी आले म्हणून."

आमच्याकडे जिजाजीनं साळीची थट्टा केली तर कोणी वावगं धरत नाही. साली आधी घरवाली, हे हिंदी वचन इथं मराठीइतकंच तोंडपाठ. त्या पोरींच्या लेखी ती थट्टाच होती.

"अन् आज काय झालं?"

"आज म्हणाले, तुह्या मायनं मोठीले लपवून ठेवलं तं आता लहानीलेच न्या लागते काय? माझी ओढणी धरली होती त्यांनी. हसत होते. सगळे हसत होते." आणि मग ती म्हणाली ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "मी सांगणार होते गं. पण मला वाटलं ही तुझी केस आहे, घरात बोलायचं नसतं."

माझाच नियम. शाबास. बारा वर्षं पाळलेला.

माझा नवरा दारात उभा होता, कचेरीची पिशवी हातात. त्यानं सगळं ऐकलं होतं. मी त्याला इतक्या वर्षांत एकदाही चिडलेलं पाहिलं नव्हतं, तेव्हाही तो चिडला नाही. पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "कुठं आहे ती बाई?"

"मला विचारू नका. पोलिसांत जाऊ. ओढणी धरली, आता तर तक्रार होते."

"जाऊ. मग पोरीला ठाण्यात उभी करू, ते हसतील, लिहून घेतील, तो दोन दिवसांत सुटेल. मग?" बारा वर्षं मी बायकांना जे समजावत आले तेच तो मला समजावत होता, आणि त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. "ही माझी पोरगी आहे. तुझी केस नाही. कुठं आहे ती?"

नाक दाबलं की तोंड उघडतं. जवायानं बरोबर नाक शोधलं होतं.

"ढाणकीला," मी म्हणाले. "माझ्या बहिणीकडे."

पुढं सगळ्यांना मी असं सांगत आले की रागाच्या भरात नवऱ्याजवळ बोलून गेले आणि नवऱ्यानं घात केला. आता खरं लिहिते. मला राग नव्हता आला. मी शांत होते. मला माहीत होतं की उद्या चार वाजता जवाई येणार, आणि माहीत होतं की माझा नवरा त्याला सांगणार. त्यानं सांगावं म्हणूनच मी त्याला सांगितलं. स्वतःच्या तोंडानं सांगायची हिंमत नव्हती, म्हणून त्याचं तोंड वापरलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, तरी मी तीनलाच केंद्रावर जाऊन बसले. फाईली लावल्या. माठ धुतला. बहिणीला एक फोन केला असता तर तिनं त्या दोघींना शेजारी कुठं हलवलं असतं. फोन समोर होता. मी स्वतःला म्हणाले, कदाचित नाही सांगणार तो. घरी आले तेव्हा टीपॉयवर दोन रिकामे कप होते. मी ते विसळून पालथे घातले.

जवाई ढाणकीला गेला तोही रीतीनं. माझ्या बहिणीसाठी साडी घेऊन. मावससासू म्हणून पाया पडला. बहिणीचा फोन आला, "अवो, तुह्या मालकानं धाडलं म्हणे त्याले, मिटलं म्हणे सारं. म्या च्या केला त्याले. बरोबर केलं न?" मी विचारलं, बाई काय म्हणाली. "काई नाई म्हणली. त्यानं पोट्टीले कडेवर घेतलं अन् चालाले लागला. मंग ते बी मशीन बंद करून उठली. काज अर्धंच राह्यलं."

तारखेला ती कोर्टात आली. हिरवी साडी, नवी. जजसाहेबांनी विचारलं तर म्हणाली, न्हाणीत पाय घसरला, हात मोडला. अर्ज मागं घेतला. दोन मिनिटांत कारभार आटोपला. बाहेर आल्यावर माझ्या सहकारीनं मला विचारलं, "पत्ता कोणं सांगतला ताई?"

"माझ्या नवऱ्यानं," मी म्हणाले. "मी घरात बोलून गेले, माझंच चुकलं." तिनं फाईल पिशवीत घातली. मग म्हणाली, "चला, एसटी जाईन माही."

अधिक महिन्याच्या शेवटच्या रविवारी जवाई बायको-लेकीला घेऊन माझ्या घरी आला. धोंड्याला. निरोप आधीच धाडला होता, शेजारणीकरवी. मी पुरण शिजवलं होतं. होय, शिजवलं. पोरगी बारावीत आहे, महिना संपत आला आहे, एकदाचं जेवून जाऊ दे आणि सुटू दे, असं माझा नवरा म्हणाला आणि मी डाळ भिजत घातली.

ती सरळ आत आली, पदर खोचला आणि माझ्यासोबत धोंडे वळायला बसली. प्लास्टर निघालं होतं, पण मनगट नीट फिरत नव्हतं. कणकेची पारी एका हातानं दाबायची. बाहेर जवाई माझ्या नवऱ्याशी डिझेलच्या भावावर बोलत होता. तिची पोरगी तिच्या मांडीला चिकटून बसलेली, कढईत काही तडतडलं की दचकायची.

मी हलक्या आवाजात म्हणाले, "माझ्या मालकानं सांगतलं वं त्याले. मले माहीत नव्हतं."

"जाऊ द्या न ताई." तिनं धोंडा परातीत ठेवला, दुसरा घेतला. "माह्या बापानं तिन्ही डाव धाडलं. तुमी एकच डाव धाडलं. माहेर असंच असते."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी सहन केला असता. तिनं मला बापाच्या रांगेत नेऊन बसवलं आणि वर माझीच समजूत काढली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तर म्हणाली, धूर झाला काय. गॅसच्या शेगडीचा कसला आलाय धूर.

जेवणं झाली. जवायाला शर्टाचं कापड दिलं. मग तो म्हणाला, "आई, ओटी राह्यली न." मी ओटी भरली. गहू, हळकुंड, सुपारी, ब्लाऊजपीस, नारळ. भाषण केलं नाही. त्यानं पुन्हा मोबाईल काढला आणि माझ्या नवऱ्यानं फोटो काढून दिला. ती माझ्या पाया पडायला वाकली, उठताना तोंड माझ्या कानाजवळ आलं तेव्हा म्हणाली, "तुमच्या पोट्टीले दूर शिकाले धाडजा ताई. इथं नका ठेवू." म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. ओढणीचंही. त्यानंच सांगितलं असेल, ढाणकीहून येताना, फुशारकीनं.

त्यानंतर तो आमच्या घरी आला नाही. त्याचं काम झालं होतं. ती केंद्रावर कधी आली नाही, माहेरी तरी कोण कितीदा जाणार. एकदा आठवडी बाजारात दिसली. मी हाक मारली नाही. तिनं पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली आणि गर्दीत शिरली.

कपाटातली ब्लाऊजपिसं मी सहकारीला देऊन टाकली. तिनं त्यांची फडकी केली. नवऱ्याला मी अजून सगळ्यांसमोर दोष देते. तो ऐकून घेतो, उलटून बोलत नाही. त्यालाही माहीत आहे की मी त्याला काहून सांगितलं.

पोरीला मी बारावी होताच बाहेर पाठवलं. शेजारीण विचारते, नातेवाईक विचारतात, जमादारही एकदा सहज विचारत होता, पोट्टी कुठी शिकून राह्यली ताई आजकाल? मी म्हणते, चाललं आहे तिचं, आणि पाऊसपाण्याचं काहीतरी बोलायला लागते. आजवर एकाही माणसाला गावाचं नावसुद्धा सांगितलेलं नाही. पत्ता लपवता येतो मला.